नारिंगी बंड्या आणि पाच केबली

डच लँडिंग, विस्कॉन्सिन
शिकारीच्या मोसमाचा दुसरा दिवस, रविवार

ती. स्व. गर्टीआत्येस, मार्लिसचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार (उजवा अजून दुखतो, पण तुझ्यासाठी तोही टेकला).

इकडे सगळे ठीक आहेत. नदी कडेकडेनं गोठायला लागली आहे, कागदगिरणीचा वास नेहमीसारखाच आहे, फादरांचा खोकलाही तसाच आहे. तिकडे ॲरिझोनात तुझा रक्तदाब कसा आहे? नोरीनच्या पोहण्याच्या तलावात तू पाय बुडवून बसतेस का, की अजून ‘एवढं पाणी आणि एक मासा नाही’ म्हणून तोंड फिरवतेस? पोटच्या मुलीशी जुळवून घेणं सोपं नसतं, हे मला मुलगी नसूनही कळतं. तुझ्या मागच्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी विसरलेले नाही, तेही देते. पण आधी मला भांडायचं आहे. तुझ्याशीच. आदर आहे तिथंच आहे, त्याला धक्का लागू देणार नाही, पण आत्या, तू जे केलंस ते बरं केलं नाहीस.

तुझी पेटी पोचली. त्यात बारा बंड्या निघाल्या, भडक नारिंगी लोकरीच्या, हातानं विणलेल्या, प्रत्येकीच्या आत मालकाची आद्याक्षरं निळ्या दोऱ्यानं काढलेली. बाहेर अंगाची लाही होत असताना मांडीवर लोकर घेऊन बसणारी बाई सगळ्या ॲरिझोनात एकच असेल. आमच्या अख्ख्या वीज खात्याचे डोळे पाणावले. माझ्या हाताखालच्या लिरॉयनं तर बंडी गालाला लावली (त्याचे दाढीचे गाल बघता हे धाडसच) आणि तीनदा शिंकला. कारण पेटीत तू लव्हेंडरच्या पुरचुंड्या घातल्या होत्यास. आत्या, तू इथं जन्मलीस. तीस वर्षं गिरणीचं कँटीन चालवलंस. शिकारीच्या आधी पंधरा दिवस इथले पुरुष बिनवासाच्या साबणानं अंग धुतात, बायकोच्या शेजारी बसायचं टाळतात, हे तुला मी सांगायला हवं? लव्हेंडरचा वास येणारी बंडी घालून रानात बसलं तर हरीण कशाला येईल? नोरीनच्या मैत्रिणी येतील.

तेव्हा बंड्या धुणं आलं. आणि इथं तुझा दुसरा अपराध. प्रत्येक बंडीला तू टाचणीनं चिठ्ठी लावली होतीस: ‘टांगू नये. शेगडीजवळ नेऊ नये. मंद उबेत सपाट पसरून वाळवावी. गर्टी.’ बरं, घरात वाळवायची तर स्वयंपाकाचा वास लागतो. बाहेर वाळवायची तर ती तुझ्यासारखी ताठ होते. मग मंद ऊब, सपाट जागा आणि स्वयंपाकघराचा वारा नाही, असं ठिकाण या गावात कुठं आहे? तू विचार कर, मी तोवर मुख्य गोष्टीकडे येते.

तुला माहीत आहे, चार नंबरच्या मशीनच्या नव्या सुकवणी विभागाला वीज न्यायचं काम या वर्षी पहिल्यांदा माझ्या हाती आलं. याआधी असली मोठी कामं मिलवॉकीचा ठेकेदार करायचा आणि आम्ही गिरणीचे वीजवाले मागाहून दिवे बदलायचो. या वेळी मी हट्टानं काम मागून घेतलं. आमचे नवे व्यवस्थापक प्रेस्कॉट (हे अटलांटाहून आले आहेत, थंडीत टोपी घालत नाहीत, का ते कुणालाच कळत नाही) म्हणाले, ठीक आहे, पण सरकारी तपासनिसाची हिरवी चिठ्ठी शुक्रवारी मिळाली तर पुढच्या वर्षीची पाच नंबरची मशीनही तुमची. नाही मिळाली तर मिलवॉकीला फोन. शुक्रवारच का, तर त्यांच्या कॅलेंडरात तो रिकामा दिसला. शनिवारी शिकारीचा मोसम उघडतो आणि मग सगळी माणसं रानात जाऊन बसतात, तपासनीससुद्धा, हे कॅलेंडरात लिहिलेलं नसतं.

काम म्हणजे काय, तर माझ्या मनगटाहून जाड अशा पाच केबली छताखालच्या ट्रेमधून न्यायच्या. ट्रे तू पाहिलेला आहेस, तुझ्या कँटीनच्या डोक्यावरून जायचा तसाच, आडव्या टाकलेल्या शिडीसारखा. आता या जाड केबलींचा नियम असा, की त्या एकीवर एक रचायच्या नाहीत. सगळ्यांनी एका थरात, शेजारी शेजारी झोपायचं. आणि त्यांच्याकडून पुरतं काम करून घ्यायचं असेल तर दोघींच्या मध्ये एका केबलीच्या जाडीएवढी जागा मोकळी सोडायची. वीज वाहिली की केबल तापते. चिकटून ठेवल्या तर एकमेकींना तापवतात, आणि तापलेल्या केबलीला झेपतं कमी. मला हा नियम फार आवडतो. नियमग्रंथात इतकी शहाणी गोष्ट इतक्या रुक्ष भाषेत लिहिलेली दुसरी नाही. (क्लेम आतोबांनीच मला तो पहिल्यांदा दाखवला होता. ते म्हणाले होते, ‘हे पान लग्नाआधी वाचायला हवं होतं.’ तू तेव्हा आत होतीस.)

पण मोकळी जागा दिसली की माणसांच्या हाताला खाज सुटते. प्रेस्कॉटसाहेब तीन आठवडे माझ्या मागे होते. ‘मिस व्हेरहागेन, ट्रे अर्धा रिकामा आहे.’ मी म्हटलं, रिकामा नाही, मोकळा आहे. ‘फरक काय?’ म्हटलं, चर्चमध्ये दोन बाकांच्या मधली वाट रिकामी असते का? ते म्हणाले, आमच्याकडे तिथं खुर्च्या टाकतात. अशा माणसाला काय समजावणार. त्यांना त्या फटींत आणखी दोन केबली कोंबायच्या होत्या. टेलिफोनवाल्याला त्याची पिवळी वायर सरकवायची होती, ‘बारीक आहे हो, कुणाला दिसणार आहे.’ मी सगळ्यांना अडवलं. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा मी त्या ट्रेखाली बसून सँडविच खायचे, एखादी बाई आपल्या वाफ्यावर बसते तशी. तात्पुरत्या परवानगीवर केबलींना भार दिला, आठवडाभर त्या छान कोमट राहिल्या, आणि गुरुवारी मी घरी जाऊन स्वतःसाठी एक ग्लास ब्रँडी ओतली.

शुक्रवारी सकाळी वेंडेल क्राउसे आला. हा आपला तोच वेंडेल, तुझ्या कँटीनमध्ये पुडिंग दोनदा घ्यायचा तो, आता सरकारी तपासनीस आहे. लिरॉयची बहीण बर्नाडेट त्याला दिली आहे, म्हणजे तो लिरॉयचा दाजी लागतो. (तपासनीस कामगाराचा दाजी कसा चालतो, असं प्रेस्कॉटसाहेबांनी विचारलं होतं. या गावात जो कुणाचाच दाजी नाही तो अटलांटाहून आलेला असतो, असं मी त्यांना सांगितलं.) वेंडेल कामाच्या वेळी नातं ओळखत नाही. त्यानं शिडीचा घोडा लावला, वर चढला, आणि मशीनच्या पलीकडच्या टोकाला, जिथं ट्रे भिंतीकडे वळतो आणि खालून दिसत नाही, तिथं जाऊन थांबला. खाली प्रेस्कॉटसाहेब पांढरं हेल्मेट घालून, मी त्यांच्या शेजारी, लिरॉय माझ्या मागे.

मग वरून आवाज आला, ‘मार्लिस, तू वर ये जरा.’

मी वर गेले. आत्या, ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्या पाच केबली, आणि त्यांच्यावर तुझ्या बारा बंड्या. सपाट पसरलेल्या, बटणं लावलेल्या, खांद्याला खांदा, रविवारच्या प्रवचनात झोपलेल्या मंडळींसारख्या. मधूनमधून देवदाराच्या डहाळ्या, रानाचा वास लागावा म्हणून. एकावर एक एकही नव्हती, सगळ्या एका थरात, हे मात्र मला मान्य करावं लागलं. एवढं माझं शिकवणं कामी आलं होतं.

वेंडेलनं खिशातून पुस्तक काढलं आणि वाचायला लागला, की ट्रेमध्ये विजेखेरीज दुसरी कुठलीही सेवा, म्हणजे पाणी, वाफ, हवा वगैरे, असता कामा नये. तोवर लिरॉय दुसऱ्या शिडीवरून वर आला होता. म्हणाला, ‘दाजी, ही सेवा नाही, बंडी आहे.’ वेंडेलनं पान उलटलं. ‘सलग सहा फुटांहून लांब झाकण घातलं तर केबलीची क्षमता कमी धरावी लागते. हे झाकण वीस फूट तरी आहे.’ लिरॉयनं विचार केला आणि म्हणाला, ‘मग दर दोन बंड्यांनंतर एक उचलतो. म्हणजे सलग सहा फूट होणार नाही. बाकीच्या राहू द्या, अजून काखेत ओल्या आहेत.’ मला त्या क्षणी त्याला शिडीसकट खाली ढकलावंसं वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे, नियमाप्रमाणे त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

खालून प्रेस्कॉटसाहेबांनी विचारलं, काय सापडलं? मी सांगितलं, स्थानिक अडचण आहे.

‘तुम्हाला लाज नाही वाटली?’ मी लिरॉयला हळू आवाजात विचारलं. ‘तीन आठवडे मी या फटींसाठी साहेबाशी भांडते आहे, आणि तुम्ही वर गोधडी घालता?’ तर त्यानं काय म्हणावं? ‘मुकादमबाई, तुमचा नियम आम्ही मोडला नाही. दोन केबलींच्या मध्ये काहीच घातलं नाही, बघा. वर घातलं. आणि गर्टीमावशींनी लिहिलं होतं, मंद उबेत सपाट. त्यांचं नाही ऐकायचं?’ बघ आत्या. सरकारचा नियमग्रंथ एकीकडे, माझा घसा एकीकडे, आणि टाचणीनं लावलेली तुझी चिठ्ठी एकीकडे. गिरणीतल्या दहा बाप्यांना यातलं काय पाळावं याबद्दल क्षणभरही शंका आली नाही. तू कँटीन सोडून सहा वर्षं झाली, दोन हजार मैलांवर जाऊन बसलीस, तरी तुझ्या उलथन्याची दहशत इथं शिल्लक आहे. मी रोज त्यांच्यासमोर उभी असते.

वेंडेल एकेक बंडी उचलून आतली आद्याक्षरं मोठ्यानं वाचायला लागला आणि लिरॉय हजेरीसारखा ‘आमचा’, ‘त्याचा’, ‘पलीकडच्या पाळीतला’ म्हणायला लागला. (एक बंडी तेवढी कुणाची ते कळलं नाही. अक्षरांवर पाणी पडून दोरा विस्कटला होता, आणि कुणीच ती आपली म्हणून सांगितली नाही.) सातवीपाशी वेंडेल थांबला. आतलं वाचलं. पुन्हा वाचलं. मी मान लांब करून पाहिलं, तर वे. क्रा.

‘लिरॉय,’ तो म्हणाला, ‘बर्नाडेटनं घरभर कोबी आंबवत घातलाय म्हणून मी तुला बंडी दिली. तू म्हणालास, गिरणीत एक झकास जागा आहे.’

‘हीच ती, दाजी.’

आता कुठलाही शहाणा माणूस काय करेल? बंडी काखेत मारेल, ‘आवरा हे सगळं’ म्हणेल आणि खाली उतरेल. वेंडेलनं बंडीची नीट घडी केली, शिडीच्या पायरीवर ठेवली, आणि लाल चिठ्ठी लिहून माझ्या ट्रेला बांधली. स्वतःच्या बंडीपायी माझं काम नापास केलं. वर मला म्हणतो, ‘मी माझीही मोजलीय, मार्लिस. पक्षपात नको.’ पुढची तपासणी शिकार संपल्यावर, दहा दिवसांनी. म्हणजे मिलवॉकीला फोन. म्हणजे आम्ही पुन्हा दिव्यांवर.

मी बाराच्या बारा बंड्या उचलल्या, वेंडेलची घडी केलेलीसुद्धा, खाली उतरले, आणि माझ्या हत्यारांच्या कपाटात घालून कुलूप लावलं. म्हटलं, ट्रेमधून काढलेलं साहित्य फेरतपासणीपर्यंत कामाच्या प्रमुखाच्या ताब्यात राहील.

‘असा नियम नाही,’ वेंडेल म्हणाला.

‘गिरणीचा आहे.’

‘कधीपासून?’

‘आत्तापासून.’

तो हसला नाही. कारण नारिंगी अंगावर नसेल तर रानात पाय ठेवता येत नाही, आणि तुझी नवी बंडी आली म्हणून बर्नाडेटनं त्याची जुनी चर्चच्या जुन्या कपड्यांत देऊन टाकली होती. शिवाय तू त्याला बंडी घातलेला फोटो पाठवायला सांगितला आहेस, असं त्यानंच मला पडलेल्या आवाजात सांगितलं. उत्तरेकडच्या खोपटात त्याचे तीन भाऊ पत्ते पिसून बसले होते. त्यानं घड्याळ पाहिलं, कपाटाच्या कुलपाकडे पाहिलं, आणि म्हणाला, केबली निवायला किती वेळ लागेल?

मग तो कँटीनमध्ये जाऊन बसला. शुक्रवार होता, तळलेले मासे होते. (पुडिंग हल्ली पाकिटातलं असतं. त्यानं एकदाच घेतलं.) आणि मी ट्रे साफ करत असताना एक गोष्ट घडली, जी मी तुला सांगणार नव्हते, कारण तुझी बाजू बळकट होते. प्रेस्कॉटसाहेब शिडीवर चढले. आयुष्यात पहिल्यांदा चढले असावेत, कारण दोन्ही हातांनी पायऱ्या धरल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, हात ठेवून बघा. बंड्या होत्या तिथं केबल अजून तापलेलीच होती, त्यांनी हात झटकन मागे घेतला. दहा पावलं पलीकडे, जिथं वर काही नव्हतं आणि फटींतून वारा फिरत होता, तिथं ती कोमट होती. त्यांनी इकडे एकदा, तिकडे एकदा, असा तीनचार वेळा हात लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘म्हणजे ही जागा रिकामी नाही.’ तीन आठवडे माझ्या तोंडाला फेस आला, आणि जे मला जमलं नाही ते तुझ्या लोकरीनं एका सकाळीत करून दाखवलं. मला याचा किती राग आला आहे, हे लिहून कळणार नाही.

मी वरच थोडा वेळ बसून राहिले. मनात आलं, की एवढी जड कामं ओढणाऱ्यांवर वरून कुणी कितीही मायेनं पांघरूण घातलं, तरी त्यांची ताकद त्यानं कमीच होते. आणि तरी बंड्या काढल्यावर ट्रे उघडाबोडका दिसत होता, हेही खरं.

वेंडेल परत आला, त्यानं प्रत्येक केबलीचं तापमान घेतलं, फटी मोजपट्टीनं मोजल्या, कोपऱ्यात टॉर्च मारून एखादी डहाळी राहिली का ते पाहिलं (एक राहिली होती, ती खिशात घातली), आणि अंधार पडायच्या आत हिरवी चिठ्ठी बांधली. पाच नंबरची मशीन आमची. मी कपाट उघडलं, बंड्या वाटल्या, काही अजून काखेत ओल्याच होत्या. कुणी तक्रार केली नाही. सगळे ओले खांदे घेऊन उत्तरेला गेले.

तेव्हा काम झालं, पण तुझ्यावरचा राग आहे तो आहे. पुढच्या वेळी चिठ्ठीत ‘मंद उबेत’ लिहिशील तर कुठल्या उबेत तेही लिही. तब्येतीला जप, उन्हात फिरू नकोस, नोरीनला माझं प्रेम सांग, आणि वाळवंटात बसून लोकर विणणं हे शहाण्या बाईचं लक्षण नाही, हे मी भाचीच्या नात्यानं सांगते.

तुझी आज्ञाधारक (बघितलंस ना काय झालं त्यानं),
मार्लिस

ता. क. ज्या बंडीची अक्षरं विस्कटली होती, ती माझी. इतरांच्या आधी एक दिवस मीच ती वर नेऊन ठेवली होती, अगदी टोकाला, अर्ध्या तासासाठी म्हणून, आणि तिथंच विसरले. टांगू नये, असं तूच लिहिलं होतंस. लिरॉयनं ते पाहिलं असावं. तो बोलला नाही, आणि म्हणूनच मी त्याला शिडीवरून ढकललं नाही.

ता. क. २. प्रेस्कॉटसाहेबांना लिरॉयनं खोपटावर बोलावलं होतं. ते काल चर्चच्या जुन्या कपड्यांतली वेंडेलची जुनी बंडी विकत घेऊन गेले, ती त्यांना पोटावर बसत नाही. मोठ्या मापाची एक विण. सोबत टोपीही विण, त्यांना बहुधा कुणी दिलेली नाही. लव्हेंडर घालू नकोस.

ता. क. ३. आता तुझा प्रश्न, ‘मी परत येऊन तुझ्याकडे राहिले तर चालेल का.’ क्लेम आतोबा गेले त्या हिवाळ्यात आपण दोघी एका घरात राहिलो आणि ईस्टर यायच्या आत एकमेकींना किती तापवलं, हे तुलाही आठवतं, म्हणून तू पत्राच्या अगदी तळाशी आणि बारीक अक्षरात विचारलंस. मीही म्हणूनच आत्तापर्यंत टाळलं. पण शुक्रवारपासून मी घरात मोजपट्टी घेऊन फिरते आहे. जिन्याच्या डावीकडची खोली तुझी, उजवीकडची माझी. बर्फ वितळेपर्यंत थांबू नकोस, लगेच ये. फक्त मधला जिना मोकळा ठेवायचा. तिथं कुणीही, कितीही मायेनं, काहीही वाळत घालायचं नाही.